धुम्याची कणीक

लोक आता सांगतात,
त्या रात्री लवूबुवांनी अभिमन्यूचा सवाल टाकला होता.
खोटं आहे.
मी पखवाज घेऊन त्यांच्या उजव्या हाताला होतो,
मिठबावच्या जत्रेत, रात्री पावणेबाराला.
सवाल साधा होता, त्यांचा नेहमीचा:
लक्ष्मण उठला, वानर नाचले, सगळं झालं,
पण तो द्रोणागिरी परत नेऊन ठेवला कोणी?

समोरचे बुवा पान थुंकून सावरून बसले.
त्यांच्याकडे उत्तर होतं, वर एक टोमणाही होता
बुवांच्या मुलीवर, तिच्या साबणाच्या जाहिरातीवर.
डबल बारी म्हटलं की एवढं चालतं.

तेवढ्यात मागच्या रांगेत एक मोबाईल उजळला.
मग चार. मग माडांखाली बसलेल्या बायकांत.
उजेड पुढे पुढे येत गेला
खाडीत भरती शिरते तसा, आवाज न करता,
आणि हजार माणसांना कळलं
जे एकट्या बापाला माहीत नव्हतं.
समोरच्या बुवांनी पेटीचा भाता मिटला.
आमचे बुवा हसले.
"काय ओ बुवानू, हरलात?"
माइकमध्ये म्हणाले.
ते वाक्य अजून कुणाच्या तरी फोनमध्ये असेल.

शाळेच्या दाखल्यावर ती रखमा, आजीचं नाव.
घरात बाय.
पडद्यावर नुसती रुमी, आडनावाशिवाय.
गेली चार वर्षं निवेदक बुवांची ओळख
'रुमीचे बाबा' अशी करून देत
आणि बुवा मुद्दाम पहिलाच अभंग अर्धा तास लांबवत.
पण पाकिटात तिचा पेपरातला फोटो होता,
घामानं मऊ झालेला.

सव्वीस वर्षं.
कशानं गेली ते टीव्हीवर दिवसभर चाललं होतं,
प्रत्येकाचं वेगळं.
मला एवढंच माहीत आहे:
लहानपणी ती माझ्या वाटीतली कणीक चोरायची,
बाहुल्या करायची. त्यांना मुंग्या लागायच्या.
मी ओरडलो की म्हणायची,
"काकानू, तुमच्या पखवाजाक भूक लागता,
आणि माझ्या बाहुलेक नाय?"

बारावं-तेरावं झालं. सुपारी घेतलेली होती, जावं लागलं.
नांदगाव तिठ्यावर ती तशीच उभी,
वीस फुटी, हातात साबण, हसत.
गाडी तिथे आली की आम्ही सगळे मिळून
दुसऱ्या बाजूच्या काजूंबद्दल बोलायचो.
बोंड किती, मोहोर किती, यंदा भाव काय.
बुवा काचेला डोकं टेकून गप्प.
महिन्यानं तिथे सिमेंट आलं.
त्या दिवशीही आम्ही काजूंबद्दलच बोललो.

मेअखेर तारामुंबरीला गेलो होतो, सुकटासाठी.
किनाऱ्यावर जनू कुबलाची होडी वर ओढलेली,
वर फ्लेक्स, काथ्यानं आवळून.
पांढरी बाजू वर होती.
जनूनं खाली पाहिलं, तेव्हाच मला समजलं.
बुवांनी कोपरा उचलला.
एक कान. केसांची बट. साबणाचा अर्धा शब्द.
बराच वेळ वाकून राहिले,
जाळ्यात काय आलंय ते बघावं तसे.
मग म्हणाले,
"उलटो कर, जनू. तोंड वर येऊ दे.
आत काळोख असता. तिका काळोखाचा भय."

जनूनं गाठी सोडल्या. तिघांनी मिळून उलटा केला.
मग सुकट घेतलं. बुवांनी घासाघीस केली, पन्नास रुपये कमी केले.

ते पुन्हा गातात. तो सवाल तेवढा टाकत नाहीत.
मी दुसरा पखवाज वापरत होतो,
त्या रात्रीचा खोळीत तसाच.
काल त्यांनीच खोळ सोडली.
"खरवड रे. कातडा तडकात अशान."

कणीक दगड झाली होती.
नखानं एक खपली निघाली,
तिच्यावर बोटाचा ठसा, बारीक.
दिव्याखाली नेऊन पाहिला.

माझाच होता.